चिंचोके

छप्पन साली दिवाळीची सुट्टी संपली
अन् हिवराळे गुरुजी पांढऱ्या सदऱ्यात शाळेत आले.
दसऱ्याला नागपूरला गेले होते, एवढंच आम्हाला ठाऊक.
त्याच महिन्यात राजधानीही नागपूरहून हलली,
पण लोणखेडला त्याचा फरक पडणार होता
फक्त शाळेच्या शिक्क्यावर,
तोही जुनी शाई संपल्यावर.

पेपर तीन दिवसांनी यायचा, जीनच्या मुनीमाचा वाचून झाला की.
त्यात कालवा होता, विमानं होती,
तोंडाशी बुडवलेली जहाजं होती.
गुरुजी म्हणाले, नकाशा राहू द्या. कुदळी आणा.

शाळेमागं दोन घमेली पुरली,
हा आपल्याकडचा समुद्र, तो त्याईच्याकडचा,
मधी दहा हात काळी माती.
मग पदं वाटली.
जीनवाल्याचा प्रेमसुख इंग्रज,
पाटलाचा दिगांबर फ्रान्सचा बादशहा,
कंपनी भास्कर डहाके, कारण त्याचं अक्षर बरं,
अन् मिसरचा सुभेदार अण्णा टाले, अंगानं भरलेला.
सुलतान तापानं घरी निजला होता.
गुरुजी म्हणाले, त्याचं असंच होतं, चालते.
उरलेले आम्ही वेठीला.

“मास्तर, वेठ म्हन्जे?” प्रेमसुखनं विचारलं.
आमच्यातल्या कोणी विचारलं नाही.

भास्करनं कागदावर लिहिलं, नव्याण्णव वर्षं.
अण्णानं न वाचता अंगठा उठवला,
दोस्ताचा कागद काय वाचायचा.
प्रेमसुख बांधावर हाताची घडी घालून उभा,
“सुलतानाची सही कुठं हाय?
सहीबिगर कालवा होनार नाही.”
आम्ही खणत होतो.
गुरुजी त्याच्या कानात काही बोलले
अन् तो एकदम ओरडला,
“थांबवा! गरिबाले वेठीले धरता? हा जुलूम हाय!”

आम्ही हसलो. गुरुजी हसले नाहीत.
“पाहा, इंग्रजाले वेठ दिसली.
खामगावच्या सडकेवर माझा आजा खडी वाहे,
तवा नव्हती दिसली.”

भांडण दिगांबरकडं गेलं.
कंपनीनं दिलेला गूळ-शेंगदाणा खात खात
त्यानं निवाडा वाचला, गुरुजींनीच लिहून दिलेला:
वेठ बंद.
पण फुकटची माणसं गेली म्हणून
मिसरनं कंपनीला भरपाई द्यावी,
चिंचोके चौऱ्याऐंशी.

अण्णापाशी चाळीस निघाले.
बाकीचे आमच्या खिशातून, कारण आम्ही त्याची रयत.

अण्णा कफल्लक झाला. मग प्रेमसुखनं,
ज्यानं कुदळ थांबवली होती त्यानंच,
सावकाराच्या पोराकडून मूठभर उसने आणून
अण्णाचा कालव्यातला वाटा विकत घेतला.
बादशहाला कळलं तेव्हा गूळ संपला होता.

गुरुजी कुदळीच्या दांड्यावर टेकले.
“वऱ्हाडबी असंच गेलं.
उधारी निजामाची, गहान आपन. त्रेपन्न साल.
चोपन्नले तिकडं कालव्याचा कागद झाला.
अन् कालवा उघडला तर चार महिन्यांत
खामगावले आगगाडी.
उगीच नाही आली, बाप्पा. कापसाले वाट पायजे होती.”

मग पाणी सोडलं.
एक बादली, दुसरी बादली.
माती प्याली. भेगांतून आत, आत,
अन् दुसरं घमेलं कोरडंच.
भास्करची कागदाची होडी चिखलात कलंडून बसली,
वर नव्याण्णव वर्षं, शाई पसरलेली.
सडकेनं कापसाच्या बंड्या जीनकडं चालल्या होत्या,
एका गाडीवानानं थांबून विचारलं,
“मास्तर, कोनासाठी खड्डा खनून राह्यले?”

मी म्हणालो, “गुरुजी, आमचे चिंचोके?”

“तेच तर मांगून राह्यले ते लोक,” गुरुजी म्हणाले,
“कालवा आमचा म्हनून. त्यासाठीच तर विमानं.”
अन् घंटा वाजवायला गेले.

माझे सात होते. एक फुटका.