पहाटेचा सामू

समुद्र आमच्याकडे बादलीतून येतो,
बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर.
मीठ पोत्यातलं, पाणी गाळलेलं,
रात्रभर पंप घुसळतो
आणि सकाळी तो तयार, लाट सोडून.

त्यात दोन क्लाउन मासे, एक कोळंबी
आणि एक जांभळं प्रवाळ,
जे वाढतंय हे फक्त मला दिसतं.
रोहिणी म्हणते, तुलाही दिसत नाही.

मीटर पेनाएवढा. टोकाला काचेचा फुगा, वाटाण्याहून लहान.
रविवारी तो आधी सातच्या द्रावणात, मग दहाच्या.
चारचं पाकीट नुसतं पडून आहे,
समुद्र त्या बाजूला जात नाही.
मधे धुवायचा. पुसायचा नाही, टिपायचा,
मग टाकीत सोडून थांबायचं.
आकडा आधी थापा मारतो,
चहाला उकळी येईपर्यंत मारत राहतो, मग दमतो.
दमल्यावरचा खरा.

संध्याकाळी, दिवसभर दिवे खाऊन, ८.२६.
पहाटे ८.०८.
आम्हा तिघांचा हा नेहमीचा.

मार्गशीर्षात भार्गवमामा आले गुहागरहून, मोतीबिंदूला.
सोबत मामी, सून, सुनेची दोन मुलं.
धूळ नको, गारठा नको, खिडक्या बंद,
दोन खोल्यांत आठ माणसं.
पहाटे मीटर म्हणाला, ७.८१.

सातात बुडवला. दहात बुडवला. दोन्हीकडे सरळ वागला.
पुन्हा टाकीत: ७.८१.
मग कळलं, हा गाद्या मोजतोय.
मामांचं घोरणं, धाकट्याचं उघडं तोंड,
रात्रभर सोडलेलं सगळं
पाण्यानं मुकाट्यानं आत घेतलेलं.
खिडकी चार बोटं उघडली.
"कोणी उघडली रे?" पांघरुणातून.

मामा म्हणाले, "आमच्याकडे मातीचा सामू काढतात,
कार्डावर लिहून देतात. माझा साडेपाच.
दर्याचा कोण काढतो?"
एक डोळा झाकलेला, दुसरा टाकीला लावून:
"आणि लाट?"
मी पंपाकडे बोट केलं.
मामा सभ्य माणूस. हसले नाहीत.

शुक्रवारी मामींनी घर आवरलं.
मीटरच्या टोपीभोवती मिठाची पांढरी पापडी,
ती नखानं खरवडली,
टोपीतलं पाणी बेसिनमध्ये ओतलं,
आणि मीटर उभा केला फुलपात्रात.
"फिल्टरच्या शुद्ध पाण्यात ठेवलाय हो."

शुद्ध पाणीच तर त्याला नको असतं.
त्याच्या आत मीठ आहे, शुद्ध पाणी ते ओढून घेतं,
हळूहळू, आवाज न करता.
हे पुण्यात कुणाला सांगणार?
मी म्हटलं, बरं केलंत मामी.

रात्री आकडा भरकटला, ८.९, ६.४, पुन्हा आठ.
फडताळातून पोटॅशियम क्लोराइडची बाटली काढली.
टोपीत थेंब, चार, पाच,
फुगा बुडेपर्यंत.
शेजारच्या खुर्चीत सून मामांच्या डोळ्यात थेंब घालत होती:
"वर बघा. चोळू नका. नुसतं टिपा."
एका दिव्याखाली दोन छोट्या बाटल्या.
मी माझ्या बाटलीवरचं नाव वाचलं.
तिनं तिच्या.
मग आम्ही पुन्हा वाचलं.

शुद्ध पाण्यातून निघालेला मीटर
दोन रात्रींनी शुद्धीवर आला.
मामांची पट्टी गेली, काळा चष्मा आला.
तो वर सारून ते बराच वेळ टाकीसमोर बसले.
"जांभळा तो," म्हणाले, "वाढलाय रे.
आलो तेव्हा एवढा नव्हता."
आलात तेव्हा तुम्हाला दिसत कुठे होतं,
असं रोहिणी म्हणाली नाही.

बुधवारी स्वारगेटला सोडून आलो.
गुरुवारी पहाटे खिडकी बंदच होती. ८.०९.
मीटर टिपला. टोपीत थेंब, टोपी घट्ट.
कडेला मीठ पुन्हा धरू लागलंय,
ते खरवडायचं नाही.

नऊला गुहागरहून फोन.
"काय रे, आज किती?"
आठ-शून्य-नऊ, मामा.
"म्हणजे बरं ना?"
पाण्याला बरं, म्हटलं.