उजवीकडचा नारिंगी दिवा

गाडीच्या भाषांच्या यादीत डॅनिश होती, फिनिश होती,
शेजारच्या बेटाची आइसलँडिकसुद्धा.
आमची फेरोई नव्हती.
"आपलं बोलणं येत नाही तिला," बाबा म्हणाले,
"आणि ही मला वळण लावणार!"

मी डॅनिश निवडली. नावाच्या चौकटीत लिहिलं: हानुस.
पडद्यानं उजळून स्वागत केलं.
बाबांनी टोपीला हातही लावला नाही.

चाळीस वर्षं कॉडच्या मागे बोट हाकली त्यांनी,
रडारच्या हिरव्या ठिपक्यावर झोप तोलली.
यंत्राच्या टुणटुणीचं त्यांना भय नाही.
एवढंच म्हणतात, समुद्रात टुण वाजलं
की खरंच काहीतरी असायचं.
इथे शेजारच्या सीटवर बटाट्याचं पोतं ठेवलं
तरी ही कोकलते, पट्टा लावा, पट्टा लावा.
मागच्या शनिवारी त्यांनी पोत्याला पट्टा लावला
आणि बोगदाभर त्याच्याशी गप्पा मारत आले.
(हे त्यांनीच सांगितलं,
म्हणजे निम्मं खोटं असणार.)

गाडी येऊन महिना झाला होता, सगळं कारखान्यातून आलं तसंच.
धुकं छपराच्या गवतावर येऊन टेकलेलं.
मी माहितीपुस्तक मांडीवर घेतलं.
सीट पुढे. अजून थोडी. गुडघा जरा वाकलेला राहू दे.
छाती आणि स्टिअरिंगमध्ये वीतभर तरी जागा.
डोक्यामागची उशी कानांच्या रेषेत.
"उशी कशाला? मी काय इथे निजणार आहे?"
"मागून कुणी आदळलं तर मान वाचावी म्हणून."
"मागून कोण येतंय, मार्यून?
अख्ख्या गावात माणसं सत्तावीस."

लेन सांभाळणारी मदत त्यांनी बंद करायला लावली.
आमचा रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा,
समोरून दुधाचा टँकर आला की चाक गवतात घालावंच लागतं,
आणि ही हातातून चाक ओढून घेते
अडलेल्या मेंढ्यासारखी.
त्यांचं बरोबर होतं. बंद केली.

मग आरसे.
गाडी सुरू होताना दोन्ही आरशांच्या कोपऱ्यात
क्षणभर नारिंगी दिवा लागतो,
आंधळ्या कोपऱ्यातून कुणी आलं तर सांगणारा.
"डावा दिसला?"
"दिसला."
"उजवा?"
"तोही."

उजव्या आरशावर माझा लोकरी हातमोजा होता,
काच पुसून झाल्यावर तसाच अडकवून विसरलेला.

मी उतरले, हातमोजा काढला, खिशात घातला.
परत येऊन बसले आणि काही बोलले नाही.
पुढच्या गाडीपासूनचं अंतर सगळ्यात लांब ठेवलं.
धडकेची सूचना: लवकर.
आवाज: मोठा.
एकेक खूण करताना बोट जरा जास्तच दाबत होते,
जणू गाडीच्या डोळ्यांत तेल घालत होते.
बाबा समोर बघत होते,
समोर म्हणजे धुकं.

बऱ्याच वेळानं म्हणाले,
"ते आपोआप ब्रेक लागायचं आहे ना,
तेवढं बंद करू नकोस."
मग टोपी काढली, पुन्हा घातली.
"मंगळवारी चर्चच्या उतारावर एक मेंढी आली, उजवीकडून.
मागे कोकरू.
माझा पाय हललाच नव्हता."

त्या दिवशी त्यांनी मला कॉफीला बोलावलं होतं,
कुंपणाबद्दल तासभर बोलले होते.
मी तेव्हा काय ऐकलं, कोण जाणे.

"दवाखाना किती वाजता उघडतो?"
"आठला."
त्यांनी दार उघडलं. बॉनेटवर हात टेकत टेकत
गाडीला वळसा घातला, धक्क्यावर बोटीच्या कडेनं चालावं तसे,
आणि पोत्याच्या जागी येऊन बसले.
मी पलीकडे सरकले. माझ्यासाठी सीट अजून पुढे घ्यावी लागली.

पट्टा लावा, गाडी डॅनिशमध्ये म्हणाली.
"लावतोय गं," बाबा फेरोईत म्हणाले, "लावतोय,"
आणि खाच चाचपडत राहिले.