दिवाभीत

हत्तुरे बाईंनी फळ्यावर लिहिलं : दिवाभीत.
विशेषण. घुबडासारखा जो माणूस
उजेडात तोंड लपवतो, त्याला लावतात.
वाक्यात उपयोग करा.

मला वाटलं, दिव्याला भिणारा.
म्हणजे आमचा बाप नव्हे.
तो तर रात्रभर ट्यूबलाइटखालीच उभा,
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, चार मागांच्या मधे.

"अगं, दिवा म्हणजे दिवसा. संस्कृत आहे ते."
वर्ग हसला.
मागच्या बाकावरून सिद्राम म्हणाला,
"मग बाई, गज्जमचा बाप!"

दिवसा आमच्या खोलीत
खिडकीला चादर, मोराची, उलटी टांगलेली.
पत्र्यावर त्रेचाळीस डिग्री.
आई विड्या वळायची, कात्रीसुद्धा हळू मिटायची.
आम्ही बहिणी भांडायचो ते खुणांनी.
शेजारचे माळगे कानडीत म्हणायचे, गूबे.
मामा तेलुगूत, गुड्लगूब.
एवढंसं पाखरू, त्याला गल्लीत तीन भाषा,
आणि तिन्ही आमच्याच दारापाशी येऊन थांबायच्या.

वाक्य मी लिहिलं नाही.
रिकाम्या ओळीवर लाल शाईचं प्रश्नचिन्ह,
वही भरेपर्यंत तसंच.

एकदा डबा द्यायला गेले होते.
त्या खटखटाटात हाक मारून उपयोग नव्हता.
कुठे धागा तुटला की बापाची
मान आधी फिरायची, अंग मागून,
जसं विशेषण आधी, नाम मागून.
तशीच ती माझ्याकडे फिरली.
डोळे मोठे, पापण्यांवर सुताची लव.
सिद्राम अगदीच चूक नव्हता, मला वाटलं,
आणि डबा ठेवून मी पळाले.

शेड बंद होऊन आता सहा वर्षं झाली.
बापाला रात्र अजून झोपू देत नाही.
मी सिव्हिलला, लहान मुलांच्या वॉर्डात, रात्रपाळी.
अडीचला फोन वाजतो.
"चा पिलीस का?"
"झोपा की हो, नायना."
"उजाडू दे की," तो म्हणतो,
आणि कुणाचं पोर रडतंय ते
शेवटपर्यंत ऐकत राहतो.

सकाळी घरी येते तर
खिडकीला तीच चादर, मोर विटलेला,
त्यानेच लावलेली, माझ्यासाठी.
आई देवापुढची घंटा मुठीत धरून पुसते.
तो रेडिओ बंद करतो,
मान आधी वळवतो,
आणि खुणेनंच विचारतो :
जेवून झोपणार, की तशीच?