बोटभर उतार

गड्ड्याच्या जत्रेत माझी कामं वाढतात.
सोलापूरला थंडी ती काय, संक्रांतीच्या आगंमागं पंधरा दिवस,
पण तेवढ्यासाठी लोक न्हाणीघराची जाळी बुजवतात.

अशोक चौकामागं, दुसऱ्या मजल्यावर, गुंडेटींच्या घरी
तक्रार गळतीची.
"दिवाळीत घेतलेला गिझर, आणि गळतोय बघा,"
असं म्हणत पद्मावतीबाईंनी स्टूल पुढं सरकवलं.
नट कोरडे. नळ्या कोरड्या.
थेंब येत होता वरून, धुराच्या पाइपाच्या कोपरातून,
जिथं पत्र्यावर पांढुरकी खरूज उठली होती.

बाई, हे पाणी नळाचं नाही, म्हणालो.
हे जाळाचं आहे.

त्या हसल्या. हसणारच.
किलोभर गॅस जळला की दीडेक लिटर पाणी होतं,
वाफ होऊन निघतं, गार पत्रा लागला की पुन्हा पाणी.
मला हे नायनांनी सांगितलं, गिरणीच्या बॉयलरवर होते ते,
आणि मलाही तेव्हा हसू आलं होतं.
नळाला पाचव्या दिवशी येतं, तेही रात्री दोनला,
घागर, बॅरल, कुकरसुद्धा भरून ठेवायचा,
आणि इथं भिंतीवर टांगलेला जाळ
रोज आपलं आपण पाणी गाळतोय.

मग जाळीतलं कापड ओढलं.
चादरीचा तुकडा, मागावर उरलेला.
अर्धा मोर. पाय नव्हतेच.
पिळला तर मूठभर पाणी निघालं.

"गुरुवारी रजिताला आत चक्कर आली होती,"
बाई सहज म्हणाल्या. "उपास होता.
लिंबू उतरवून टाकलं चौकात."
दारात पोरगी उभी, ओले केस, हातात कंगवा.

मी स्टुलावरून खाली उतरलो.
थेंब दिसला म्हणून मला फोन गेला.
त्याच्याबरोबर जे आत तुंबत होतं
त्याला रंग नाही, वास नाही,
त्यानं ठसका लागत नाही. झोप येते.
हे सांगताना माझा आवाज चढला असावा,
कारण आतल्या खोलीतला टीव्ही कुणीतरी बंद केला.

भिंत फोडायचे साडेसहाशे सांगितले.
"भोकाचे?" बाई म्हणाल्या. "पाचशे."
बरं, पाचशे. पण पाइप नवा, आणि ही जाळी
पुन्हा कधी बुजवायची नाही.

ड्रिल पलीकडं निघालं तेव्हा
बादलीत उन्हाचा एक रुपया पडला.
पाइप बसवला, वर लेव्हल ठेवली,
बुडबुडा मुद्दाम मधोमध येऊ दिला नाही:
बाहेरच्या बाजूला बोटभर उतार.

गिझर लावला. आरसा धुरकटला,
मग कडेकडेनं मोकळा होऊ लागला.
रजितानं त्यात भांग पाडला, वाकडाच.
मी पाने पिशवीत भरत होतो, तोवर
खालच्या यंत्रमागाच्या पत्र्यावर टप् झालं,
पुन्हा टप्,
आणि कुणीतरी खटखटाटावर आवाज काढून ओरडलं,
"अहो गुंडेटी, आज पाण्याचा वार हाय का?"