होनग्याच्या काट्यासाठी सेटअप

खाली माग चालू असतात रात्री अकरापर्यंत,
टेबलावरचा पेला थरथरत राहतो,
आणि मी एका फाइलीत अख्खा संसार बांधतेय:
वजनकाट्याचा प्रोग्राम, त्याला लागणारं ते जाडजूड रनटाइम,
काळ्या केबलचा ड्रायव्हर,
दोन लिप्यांचे दोन फाँट.
कारण होनग्याला नेट म्हणजे
मेणसेमामांचा मोबाइल, तोही खिडकीत ठेवला तर.
जे लागेल ते बरोबर न्यायचं,
तिथं मीठ मिळेल या भरवशावर नाही.

पहिला पडदा: भाषा निवडा.
अकारविल्हे लावली तर इंग्रजी, कन्नड, मराठी.
कन्नड वर्णमालेनं लावली, तरी तेच.
ए बी सी डीनं लावली, तरी तेच.
मेणसेमामा म्हणाले, मराठी वर घे की गं.
पायगोंडा अण्णा काहीच बोलले नाहीत,
चहाची बशी तेवढी फिरवली.
दोघांचा काटा निम्मा-निम्मा,
भांडण आजवर फक्त डिझेलवरून.
म्हटलं, मशीनलाच विचारू, तू कुठलं.
मशीन म्हणालं: इंग्लिश, युनायटेड स्टेट्स.
नऊ वर्षं होनग्याच्या धुळीत बसून!

दुसरा त्रास सहीचा.
डबल क्लिक केलं की पिवळी पाटी आडवी येते:
प्रकाशक अनोळखी.
वडगावात गल्लीच्या तोंडाशी कुणालाही विचारा,
बॉबिनवाल्या परशरामाची थोरली कुठं राहते,
दारापर्यंत आणून सोडतील.
पण त्या सहीचे पैसे दरसाल भरायचे,
आणि मला या कामाचे मिळणार त्याहून कमी.
म्हणून महादेवीला चिठ्ठीवर लिहून दिलं:
पिवळं आलं तर घाबरू नको, 'यस' दाब.
ती अनोळखी म्हणजे मीच.

बटणांवर काय लिहावं यात दोन दिवस गेले.
शनिवारी काट्यावर गेले, केबल मोजायला.
कास्टिंगचा ट्रक चढत होता,
इरफान क्लीनर मागच्या चाकाशी उभा:
मुंदे, मुंदे… पुढं घे रं… मुंदे… साकु!
ड्रायव्हर सांगलीकडचा.
बोटभरही चुकला नाही.
पेन होतं, कागद नव्हता. तळहातावर लिहून घेतलं.

घरी येऊन पहिला पडदाच काढून टाकला.
आता प्रत्येक बटणावर दोन ओळी,
एका पडद्यावर वर पुढे, खाली मुंदे,
पुढच्यावर वर मुंदे, खाली पुढे.
पडदे सहा आहेत. कुणी मोजलेच तर तीन-तीन.
शेवटच्या बटणावर झालं आणि आयतु
शेजारी शेजारी बसवले, एकाच ओळीत,
त्यासाठी बटण थोडं रुंद करावं लागलं.

काढून टाकण्याचं कलमही लिहिलं.
उद्या दुसऱ्या कुणाचा प्रोग्राम येईल, येऊ दे.
जाताना आपलं आपलं सगळं उचल,
फाँट, ड्रायव्हर, रिकामे फोल्डर.
नोंदींना हात लावू नको.
तोललेलं तोललेलंच राहावं.

सोमवारी सकाळी महादेवीचा फोन.
"ताई, वाचलं नाही काही, दाबत गेले नुसतं.
आलं की वो! पण काटा रिकामा,
आणि वीस किलो दाखवायलाय."
पोर्ट बघ म्हटलं. तीनच आहे.
केबल हलव. हलवली.
मग खिडकीतून बघ जरा.
बराच वेळ नुसता हायवे ऐकू येत राहिला.

"कुत्रं झोपलंय," ती म्हणाली. "मधोमध.
उठवू काय?"
नको, म्हटलं. पहिली पावती काढ.

"आणि गाडी नंबरात काय घालू?"