विसर्ग

खरवंडीकर बाई फळ्यावर 'दुःख' लिहायच्या
आणि मधली दोन टिंबं
खडू मोडेल इतक्या जोरात द्यायच्या.
'ही खाऊ नका,' म्हणायच्या,
'विसर्ग म्हणजे सोडणं.
सोडलं नाहीत तर घशात अडकेल.'
आम्ही खायचोच.
अर्धा मार्क जायचा, त्याचं काय एवढं.

आता पस्तीस वर्षांनी, वडगाव बुद्रुकला,
तिसऱ्या मजल्यावर, रात्री पावणेदोनला
मी एक नदी पाठवते आहे.
मुठा. खडकवासल्यापासून संगमापर्यंत,
दर पन्नास मीटरला आडवी कापलेली.
गाळ, भराव, पुलांचे खांब,
पात्रात रातोरात ओतलेला राडारोडासुद्धा मोजलेला.
सगळी मिळून अकरा जीबी.
माझ्या लॅपटॉपला ती वाहवत नाही. पंखा घरघरतो
आणि पाणी म्हात्रे पुलाशी येऊन थिजतं.
म्हणून तासाच्या भाड्यानं एक यंत्र घेतलं,
तेही खरं नव्हे,
कुठल्यातरी दांडग्या यंत्रात
कॉट बेसिसवर मिळालेली जागा.
मी तिचं नाव ठेवलं मुठा-दोन.

दारातच अडवलं.
'तुमची किल्ली सगळ्यांना दिसते आहे. अशी चालणार नाही.'
किल्ली झाकली.
'पलीकडच्याची ओळख पटत नाही. तरी जायचं?'
नुसतं वाय लिहिलं तर म्हणे, पूर्ण लिहा.
लहानपण सदाशिव पेठेत गेल्यामुळे
मला यातलं काहीच लागलं नाही.

मग आज्ञा लिहिली, एन्टर दाबलं
आणि नऊ सेकंदांत नदी पोचली.
नऊ!
मी खुशीत चहा टाकायला उठले,
आणि गॅस पेटवता पेटवता ध्यानात आलं,
आमच्या इंटरनेटला एवढं पळता येत नाही.

मुठा-दोनवर काहीच नव्हतं.
माझ्याच डेस्कटॉपवर, नदीला खेटून,
तेवढीच आणखी एक नदी.
नाव मुठा-दोन.
पत्त्यापुढची दोन टिंबं मी खाल्ली होती.
ती असली की ते दुसरं गाव,
नसली की नुसतं नाव.
यंत्राला वाटलं, बाईंना नदी घरातच ठेवायची आहे,
लांबच्या नावानं हाक मारून.
त्याचं फार चुकलं असंही नाही.
गेल्या जुलैत खाली पार्किंगमध्ये छातीभर पाणी होतं,
तेव्हापासून ती माझ्याकडेच राहते.
सकाळच्या बातम्यांत सांगतात ना,
धरणातून विसर्ग इतका, दुपारी वाढवणार,
तो शब्द बाईंचाच, हे मला
ओट्याशी उभं राहून, चहा उतू गेल्यावर कळलं.

टिंबं दिली.
या खेपेला एक तास चार मिनिटं.
एकोणचाळीस टक्क्यांवर थबकली, वाटलं गेली,
मग चाळीस.
पाणी ढगांतून नदीत येतं एवढंच शिकले होते,
उलटं चढवताना असा वेळ लागत असेल.

पावणेचारला उत्तर परत आलं. चाळीस केबी.
'पस्तीस हजार क्युसेक सोडल्यास साडेपाच तासांत
पुलाखालची वस्ती, गुडघ्याच्या वर.'
पासलकरांना फोन लावला.
ते काठावरची पट्टी वाचतात. पहिल्याच रिंगला उचलला.
'गाड्या कवाच वर काढल्या, मॅडम. म्हशी पण.
सांजच्यापासून पाण्याला मातीचा वास मारतोय.
पण तुमचं कागदावर येऊ द्या,
सायबांना वास चालत नाही.'

मुठा-दोन बंद केलं. भाडं तीनशे बारा रुपये.
'नक्की? सगळं पुसलं जाईल.'
या वेळी पूर्ण लिहिलं.

लॅपटॉपवरची ती चुकीची कॉपी मात्र
अजून आहे. अकरा जीबी अडवून,
नाव परगावचं,
कुठंही न गेलेली.
डिस्क भरत आल्याची रोज सूचना येते.
काढते म्हणते, आज, उद्या.