सॉर्टर

रात्री बाराला अर्ध्या विदर्भाचे वीजमीटर
एकाच वेळी बोलायला उठतात.
पुन्हा सव्वाबाराला. साडेबाराला.
नऊ लाख आकडे एका दमात,
आणि मिहानच्या थंडगार खोलीत
माझी रांग दाराबाहेर जाते.

मी मशिनी वाढवल्या. रांग हलली नाही.
डिस्क तर रिकामीच बसलेली,
सगळे एका कुलपाच्या किल्लीसाठी उभे.

रविवारी गिट्टीखदानला, टेंभुर्णेकाकांच्या कूलरमध्ये
पाणी भरता भरता हे सांगितलं.
आरएमएसमध्ये एकतीस वर्षं, धावत्या डब्यात सॉर्टर.
हसले. "काऊन वं पोरी, एक एक चिठ्ठी घेऊन
कोणी पोस्टमास्तरकडे जाते का?
गठ्ठा बांध. थैली भरली का सील कर,
नाही भरली तरी स्टेशन आलं का सील कर.
अन् पत्ता पुरा वाचू नको.
चव्वेचाळीस सोड, ते समद्यांचंच.
तिसरा आकडा पाह्य:
शून्य नागपूर, दोन वर्धा-चांदा, पाच यवतमाळ.
हात आपोआप जाते."

"आणि मजकूर?"
त्यांनी नळ बंद केला.
"एक कार्ड वाचलं होतं. पांढुर्ण्याजवळ."
पुढे काही बोलले नाहीत.

सोमवारी मी कुलूप काढलं.
मीटरनंबरचा शेवटचा आकडा, दहा थैल्या,
प्रत्येकीला एकच हात.
येईल ते खाली लिहायचं, मागचं खोडायचं नाही.
हजारांचा गठ्ठा किंवा दोनशे मिलिसेकंद,
जे आधी होईल ते.
आणि मीटरांना कळवलं,
ठोक्यालाच बोललं पाहिजे असं काही नाही;
कोणी सात सेकंद थांबा, कोणी चाळीस.

झोडापे ग्राफ बघून म्हणाला, "सपाट. बोर आहे बे."
मी त्याचा फोटो काढून ठेवला.

दिवाळीनंतर काका घराला कुलूप लावून
लेकीकडे भिलाईला गेले.
नऊ लाखांत त्यांचा नंबर मला पाठ आहे,
सहाव्या थैलीत पडतो.
मजकूर वाचायचा नसतो, ठाऊक आहे.
तरी एखाद्या रात्री
तेवढीच ओळ काढून बघते.
शून्य. शून्य. महिनोन् महिने शून्य.

काल, एप्रिलचा पहिला आठवडा,
शून्य पूर्णांक शून्य चार.
पंधरा मिनिटांत इतकं
कूलरच खातो.
फोन हातात घेतला, मग ठेवला,
पावणेतीन वाजले होते.
तोवर पुढचे नऊ लाख
येऊन गेले.